गोल लायब्ररीभोवती

बाबांना ऑक्सफर्ड दाखवायला नेलं होतं, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे त्यांची परीक्षा घ्यायला नेलं होतं, आणि ते त्यांना सांगायची माझी छाती नव्हती.

आई गेल्यापासून बाबा सांगलीच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. सुरुवातीला ठीक चाललं. मग पुण्याहून दादाचे फोन यायला लागले. गॅसवर दूध ठेवून बाबा खाली पेपर आणायला गेले आणि तिथेच कुणाशी तरी गप्पा मारत बसले. शेजारच्या काकूंना जळका वास आला म्हणून बरं. नंतर कधीतरी ते बँकेच्या जुन्या जागेवर जाऊन बंद शटरपुढे उभे राहिले. शाखा हलवल्याला वर्ष होऊन गेलं होतं आणि नव्या जागेत ते स्वतः जाऊन आले होते. "आता एकटं ठेवणं म्हणजे विषाची परीक्षा," दादा म्हणाला. त्याने पुण्याबाहेर ज्येष्ठांसाठीचं एक निवासस्थान बघूनही ठेवलं होतं. मला फोटो आले. बाग, बाक, आणि बाकावर बसलेली, कॅमेऱ्याकडे न बघणारी माणसं.

मी म्हटलं, थांब. दोन महिने माझ्याकडे लंडनला, स्टॅनमोरला येऊ देत. मी बघते, मग काय ते ठरवू. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. चालणाऱ्या गोष्टी नेमक्या कुठे मोडतात ते शोधून काढण्याचाच मला पगार मिळतो. "माझ्यावर सोड," असं मोठ्या तोऱ्यात सांगून मोकळी झाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरात बाबा छान होते. सकाळी फिरायला जायचे, बरोबर परत यायचे, कचऱ्याचा बिन कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचा ते माझ्या नवऱ्यापेक्षा त्यांना नीट माहीत झालं होतं. पण घर म्हणजे सोपा पेपर. मला अवघड पेपर हवा होता. नवी जागा, गर्दी, गल्ल्याबोळ. म्हणून ऑक्टोबरात एक दिवस रजा टाकली आणि गाडी काढली.

ऑक्सफर्डला गावात गाडी नेण्यात अर्थ नसतो. बाहेर पार्क अँड राइडला गाडी लावायची आणि बसने आत जायचं. बसमधून उतरल्या उतरल्या मी सुरुवात केली. "बाबा, आपण कुठल्या बसने आलो हो?"

"लाल नव्हती," ते म्हणाले. "नंबर नाही बघितला. का गं?"

"काही नाही, सहज."

सहज कसलं डोंबलाचं! माझ्या मनात फुलीसुद्धा मारून झाली होती. आणि मला तरी कुठे नंबर आठवत होता? बाबांना विचारल्यावर मी गुपचूप फोनमध्ये बघितला.

पहिल्या कॉलेजमध्ये शिरलो. दगडी कमान, आत चौक, चौकात इतकं गुळगुळीत गवत की गालिचा धुऊन वाळत घातलाय असं वाटावं. त्यावर पाऊल टाकायचं नाही अशी पाटी. बाबा पाटीपुढे हात मागे बांधून उभे राहिले. "चारशे वर्षं पाणी घातलं असणार याला," म्हणाले, "आणि चालायचं नाही. कमाल आहे." मग जेवणाचा तो मोठा हॉल, भिंतीवर मेलेल्या विद्वानांच्या ओळीने लावलेल्या तसबिरी. बाबा खूश होते. त्यांनी आयुष्यभर हायस्कुलात भूगोल शिकवला, पण देशाबाहेर पहिल्यांदाच आले होते. प्रत्येक दारावरचं कोरीव काम वाकून बघत होते. आणि मी त्यांना बघत होते. चौकात परत आल्यावर विचारलं, "आपण आत आलो ते दार कुठलं?" त्यांनी चुकीच्या कमानीकडे बोट दाखवलं. मनात दुसरी फुली.

पुढे छतवाल्या बाजारात पाय टाकला. एका बाजूला केक, दुसऱ्या बाजूला खाटकाच्या दुकानात उलटी टांगलेली हरणं. बाबांनी तोंड फिरवलं आणि विचारलं, "इथे नदी आहे म्हणालीस ना? त्या बांबूने ढकलायच्या होड्या?" मी म्हटलं, हो, शेवटी जाऊ. दहा पावलं गेलो नाही तर पुन्हा, "आणि नदी कुठे आली?" मी सांगितलं, पण आवाज चढला. त्यांना तो कळला. मग त्यांनी नदीचं नाव काढलं नाही.

शेवटी त्या गोल लायब्ररीपाशी आलो. ऑक्सफर्डच्या प्रत्येक फोटोत असते ती. मोठा घुमट, भोवती कठडा, सगळीकडे खडबडीत दगडी फरसबंदी आणि टुरिस्टांचे थवेच्या थवे. समोरच्या जुन्या चर्चच्या पोटात कॅफे आहे. बाबांचे गुडघे बोलायला लागले होते, म्हणून त्यांना चर्चच्या पायरीवर बसवलं. "मी चहा घेऊन येते. इथून हलू नका हं."

"मी काय कुकुलं बाळ आहे?" बाबा म्हणाले. हसले, पण लागलं होतं त्यांना.

रांग लांब होती. दोन कागदी कप सांभाळत बाहेर आले तर पायरी रिकामी.

आधी रागच आला. सांगितलं होतं ना, हलू नका! मग डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. तपकिरी स्वेटर, पांढरे केस, कुठेच नाही. लायब्ररीच्या पलीकडे गेले असतील म्हणून मी गोल फिरून आले. नाहीत. परत फिरले, या खेपेला प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी थांबून आत डोकावत, "बाबा!" अशी हाक मारत. माणसं वळून बघायला लागली. चहा सांडून हात भाजला. कप कुठे ठेवले ते आजही आठवत नाही.

मग लक्षात आलं, त्यांचा फोन माझ्या पर्समध्ये आहे. पासपोर्टही. डोक्यावर घालायच्या टोपीपर्यंत सगळं माझ्याकडे. हरवतील म्हणून मीच सकाळी काढून घेतलं होतं सगळं, शहाणी मी! बाबांच्या खिशात त्यांचं नाव सांगणारं काही म्हणजे काही नव्हतं. माझा नंबर त्यांना पाठ नाही. घराचा पत्ता विचारला तर ते सांगलीचा सांगतील.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. मला सगळं दिसायला लागलं. पलीकडच्या मोठ्या रस्त्यावर एकामागून एक बसेस धावत होत्या, आणि बाबा अजूनही रस्ता ओलांडताना आधी चुकीच्या बाजूला बघतात. आणि नदी! बाजारात नदी नदी करत होते आणि मी त्यांच्यावर खेकसले होते. गेले असतील एकटेच काठावर. पोहता येत नाही त्यांना. ऑक्टोबरातला उजेड, बघता बघता विझतो. 

गर्दीत ऐकू येईना म्हणून बाजूच्या बोळात शिरले आणि दादाला फोन लावला. दुसरं कोण होतं मला? नवरा मीटिंगमध्ये, फोन बंद.

"दादा, बाबा हरवले."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "पोलिसांना कळव," एवढंच म्हणाला. मग हळू आवाजात, "मी सांगत होतो तुला. आता पुरे. मी त्या निवासस्थानाच्या लोकांना हो कळवून टाकतो."  त्या घटकेला तो म्हणाला असता की बाबांना कुलपात ठेवू, तरी मी हो म्हटलं असतं. फक्त सापडू देत.

बोळातून पळत परत आले. पुन्हा फिरायला लागले. पोलिसांना कुठल्या नंबरवर लावायचं? तातडीच्या नऊशे नव्याण्णववर की तो दुसरा, साधा? माणूस हरवणं साधं असतं का? नंबर चुकत होता. कठड्याला टेकून एक विद्यार्थिनी सँडविच खात बसली होती. तिने मला थांबवलं.

"तपकिरी स्वेटरवाल्या आजोबांना शोधताय का?"

मी तिचा हातच धरला.

"ते इथेच आहेत की," ती म्हणाली. "गोल गोल फिरताहेत. तुम्हीही फिरताय. दोघंही एकाच बाजूने. मला वाटलं काहीतरी खेळ चाललाय. जरा उलट्या बाजूने जाऊन बघा ना."

 उजव्या हाताला घुमट ठेवून मी फिरत होते. एकदाही, चुकूनसुद्धा, दुसरीकडून गेले नव्हते. लहानपणापासून मारुतीला, वडाला, तुळशीला फिरणारे पाय आमचे. गोल दिसलं की ते आपोआप त्याच बाजूने वळतात, विचारत नाहीत. आणि बाबांचे पाय तर माझ्या पायांचे गुरू. त्यांची चाल सकाळच्या फिरण्याची, एकसारखी. मी पळायचे, थांबायचे, बोळात डोकावायचे, आणि तेवढ्यात ते घुमटाआड पुढे निघून जायचे.

वळले, आणि पाऊल उचलेना. हसाल तुम्ही. इंग्लंडात पंधरा वर्षं काढलेली, देवाला नियमित हात न जोडणारी बाई मी. पण उलटी फेरी आमच्याकडे एकाच ठिकाणी घालतात, चितेभोवती. आईच्या वेळी दादा खांद्यावर मडकं घेऊन तसा फिरला होता आणि बाबा त्याच्याकडे बघत उभे होते. काहीतरी वाईट होणार, मीच ओढवून घेणार, असं वाटून अंगावर सर्रकन काटा आला. तरी गेले. मनात रामराम म्हणत गेले.

अर्धी फेरीही झाली नाही. समोरून बाबा आले.

त्यांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. ओठ पांढरे, डोळे गर्दीतल्या एकेका चेहऱ्यावर आपटत चाललेले. मी दिसले तेव्हा ते जागीच थांबले, आणि आधी रागावले. "अगं कुठे होतीस? जीव गेला माझा!"

मी गळ्यात पडले आणि भर चौकात भोकाड पसरलं. पोरीसारखं.

पायरीवर बसल्यावर सगळं कळलं. माझ्यासारखंच लाल जॅकेट घातलेली एक बाई चर्चमधून निघून घुमटामागे गेली. बाबांना वाटलं, मीच फोटो काढायला निघाले. ते मागोमाग गेले. ती मी नाही हे कळल्यावर परत यायचं, तर ते सरळ पुढे चालत राहिले, फेरी पूर्ण करून पायरीशी यायला. तेवढ्यात मी येऊन निघून गेले होते, म्हणून ते फिरतच राहिले. "एका जागी थांबलो असतो तर तू पाठीमागून गेली असतीस," म्हणाले. बरोबरच होतं की. मीही तोच विचार केला होता.

मी त्यांचे गार हात माझ्या हातात घेतले.  मग ते खाली बघत म्हणाले, "दादाला हे सांगू नकोस हं."

"सांगितलं बाबा. घाबरले मी."

त्यांनी मान हलवली. हात काढून घेतला नाही. "मग आता मला सांगलीला जाऊ द्याल ना तुम्ही दोघं?"

 "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? सकाळपासून प्रश्न विचारतेयस. बस कुठली, दार कुठलं. शेवटी शेवटी तुझ्या आईला डॉक्टर असेच विचारायचे. ती बिचारी किती घाबरायची, उत्तर चुकेल म्हणून. आज मी तिच्याइतकाच घाबरलो होतो."

तेवढ्यात दादाचा फोन आला. बाबा सापडले म्हटल्यावर त्याने सुस्कारा सोडला, आणि लगेच निवासस्थानाचं काढलं. मी म्हटलं, थांब. जे घडलं ते सगळं सांगितलं.

"तू त्यांना पाठीशी घालतेयस," तो म्हणाला.

"दादा, जे त्यांनी केलं तेच मीही केलं. मी पण हरवलेच होते. मला कुठे ठेवतोस, सांग."

बाबा माझ्याकडे न बघता घुमटाकडे बघत होते.  "ठीक आहे. घरी जाऊ देत," दादा शेवटी म्हणाला. "पण तुझ्या जबाबदारीवर. उद्या काही झालं तर माझ्याकडे यायचं नाही."

नोव्हेंबरात बाबा सांगलीला परत गेले. मला खात्री होती का? मुळीच नव्हती. लायब्ररीभोवतीची चूक आमची दोघांची होती, पण गॅसवरचं दूध काही माझं नव्हतं. ते मला ठाऊक आहे, बाबांनाही ठाऊक आहे. आम्ही त्यावर बोलत नाही.

आता रोज ऑफिसला निघायच्या आधी फोन लावते. रिंग वाजायला लागली की माझं बाकी सगळं थांबतं, बुटाची नाडीसुद्धा अर्धीच राहते. ते "हं, बोल," म्हणतात तेव्हा कुठे जिवात जीव येतो. गेल्या आठवड्यात फोन पूर्ण वाजून बंद झाला. परत लावला, परत तेच. शेजारच्या काकूंना दार वाजवायला पाठवलं आणि फोन हातात धरून जिन्यात बसून राहिले. दादाचा नंबर स्क्रीनवर समोरच होता. पण जबाबदारी मी घेतली होती, तो नंबर मी लावला नाही.