ब्रिटनीत एक खोली, शेगडीसकट

"मला हॉटेल नको, हुसैनभाई," डॉक्टर बोराडे म्हणाल्या. "मला शेगडी पाहिजे."

रियाधच्या बथा भागात आमचं ट्रॅव्हल ऑफिस होतं. लढाई थांबून थोडेच आठवडे झाले होते. काचांवर चिकटवलेल्या टेपच्या फुल्या आम्ही अजून काढल्या नव्हत्या. रमजान चालू होता. माझ्या डेस्कवर ‘हॉलिडेज’ अशी पाटी होती आणि समोरची खुर्ची महिनोन्‌महिने रिकामी होती. इराकने कुवेत घेतल्यापासून हौसेने फिरायला कोण जाणार? लोक जात होते ते जीव घेऊन, तेही एकेरी तिकिटावर.

त्यामुळे फ्रान्सच्या खेड्यात सुट्टीसाठी जागा हवी, असं कुणी म्हटल्यावर मला आधी ती चेष्टाच वाटली.

डॉक्टर कांचन बोराडे मूळच्या नाशिकच्या. हफ्र अल बातिनच्या हॉस्पिटलमध्ये सर्जन. हफ्र म्हणजे इराक आणि कुवेत दोन्ही सरहद्दींच्या जवळचं गाव. लढाईत तिथे जगभरच्या फौजा उतरल्या होत्या. बरेच लोक गाव सोडून गेले, डॉक्टर राहिल्या. माझा धाकटा भाऊ इस्माईल तिथे पाण्याचा टँकर चालवायचा. फौजेच्या ट्रकांना वाट देताना त्याचा टँकर उलटला आणि पाय खाली सापडला. पाय काढावा लागेल असं बाकीच्यांचं मत होतं. डॉक्टरांना वाटलं, वाचेल. त्यांनी तीनदा ऑपरेशन केलं. तो पाय घेऊन इस्माईल आज श्रीवर्धनला माझ्या शेजारी राहतो. म्हणून त्या दिवशी डॉक्टर हॉस्पिटलच्या बसने रियाधला आल्या आणि माझ्यासमोर बसल्या, तेव्हा त्यांनी चंद्रावर खोली मागितली असती तरी मी निदान चौकशी केली असती.

"पण फ्रान्सच का?" मी विचारलं. "नाशिकला जा ना. गौरीला भेटून या."

गौरी म्हणजे त्यांची मुलगी. दहा वर्षांची. लढाईची चिन्हं दिसताच तिला त्यांनी नाशिकला आत्याकडे पाठवलं होतं.

"नाशिकला गेले तर गौरी भेटेल, तिचा बाबा नाही भेटणार," डॉक्टर म्हणाल्या.

मग सगळा प्रकार कळला. मिस्टर बोराडे मर्चंट नेव्हीत इंजिनियर. त्यांचं जहाज दुरुस्तीला फ्रान्सच्या एका बंदरात लागलं होतं. जहाज ड्राय डॉकमध्ये घेतात, म्हणजे पाणी काढलेल्या हौदात उभं करतात आणि तळ खरवडतात. तेवढे दिवस इंजिनियरला रात्री बाहेर राहायची परवानगी मिळाली होती, पण सकाळी कामावर हजर व्हायचं. दुरुस्ती संपली की जहाज दक्षिण अमेरिकेकडे निघणार. डॉक्टरांना ईदची रजा मिळाली होती, तीही मोजकी. तिघं एका घरात जेवायला बसून वर्ष उलटून गेलं होतं.

"मोठं काही नको," त्या म्हणाल्या. "स्वस्त हवं. मला माझ्या हातचा वरण-भात तिला घालायचाय. आणि यांना सकाळी बंदरावर जाता आलं पाहिजे. आमच्याकडे गाडी नसेल."

"होईल," मी म्हटलं. कसं होईल ते मला ठाऊक नव्हतं.

ते बंदर ब्रिटनी प्रांतात होतं. ब्रिटनी म्हणजे फ्रान्सचा समुद्रात घुसलेला पश्चिमेकडचा तुकडा. पाऊस, मासे, दगडी घरं आणि जहाजावर गेलेले पुरुष. आम्हा कोकण्यांना समजायला अवघड नाही.

पहिली अडचण व्हिसाची. फ्रेंच व्हिसाच्या काउंटरवर मला सांगितलं, राहण्याचा पुरावा आणा. म्हणजे एक तर हॉटेलचं व्हाउचर, आगाऊ पैसे भरल्याची पावती. नाही तर तिथल्या माणसाने दिलेला दाखला की हे लोक माझ्या घरी राहतील, त्यावर गावच्या मेयरचा शिक्का. तेव्हा जागा नाही तर व्हिसा नाही. गौरीच्या मुंबईतल्या व्हिसालाही तोच कागद लागणार होता.

हॉटेलं मी आधी बघितली. बंदराजवळची हॉटेलं जहाज दुरुस्त करणाऱ्या कंपन्यांनी भरून टाकलेली. उरलेल्यांचे रेट ऐकून मी डॉक्टरांना सांगायचं टाळलं. शिवाय शेगडी नाहीच. खलाशांचं वसतिगृह होतं, तिथे बायका-मुलांना मनाई. तंबू आणि चाकांवरच्या घरांचे कॅम्प होते, ते उन्हाळ्याशिवाय उघडत नाहीत.

राहिला एक प्रकार. फ्रान्समधले शेतकरी जुनं घर किंवा गोठ्याशेजारची खोपी नीट करून आठवड्याच्या भाड्याने देतात. स्वयंपाकघर, भांडी, सगळं आत. त्याला ते लोक जे म्हणतात ते मी इंग्रजीसारखं ‘गाइट’ असं वाचलं. आमचे मॅनेजर नबील हसले. "हुसैन, ते ‘जीत’ आहे."

नबील बैरूतचे. फ्रेंच शाळेत शिकलेले. त्यांचं स्वतःचं शहर पंधरा वर्षं जळत होतं, त्यामुळे रियाधवर इराकची स्कड क्षेपणास्त्रं पडत असतानाही ते डेस्कवर बसून तिकिटांची कार्बन कॉपी नीट लागली आहे का ते बघायचे. मला फ्रेंच येत नव्हतं आणि या घरमालकांकडे टेलेक्स नसतो. फोनच करायचा आणि फ्रेंचमध्येच बोलायचं. म्हणून मी नबीलना धरलं.

तिथल्या पर्यटन ऑफिसने फॅक्सवर काही नंबर पाठवले. पहिलं घर समुद्राच्या अगदी काठावर आणि भाडं फारच कमी. मी खुश झालो. नबील फोनवर बोलत राहिले आणि मला एकेक गोष्ट सांगत राहिले.

"शनिवार ते शनिवारच देतात. मधल्या वारी आलात तर शनिवारपर्यंत बाहेर थांबा."

डॉक्टरांची फ्लाइट मंगळवारची होती.

"हीटिंगचे पैसे वेगळे. चादरी वेगळ्या. लाकडं वेगळी."

"आणि बस?"

नबीलनी विचारलं. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलला.

"तो म्हणतो, बस कशाला हवी? गाडीने या."

पुढची घरंही साधारण याच वळणाची निघाली. या धंद्यात स्वस्त जागा शोधणं सोपं असतं. ती स्वस्त का आहे, हे शोधण्यात वेळ जातो.

तिसऱ्या दिवशी आमचे कफील अबू फहद ऑफिसात आले. कफील म्हणजे ऑफिसचे मालक, ज्यांच्या नावावर आमचा इकामा होता, म्हणजे देशात राहायची परवानगी. त्यांनी फोनचा मीटर बघितला.

"हुसैन, फ्रान्सला इतके फोन? कुठला ग्रुप आहे?"

"ग्रुप नाही. एक बाई आहेत. त्यांना खोली हवी आहे."

"एका खोलीसाठी?" ते शांतपणे म्हणाले. "हा डेस्क मी बंद करणार होतो, तुला माहीत आहे. तुला कार्गोत घेतो. हे खलास कर."

मी मान डोलावली. नबील मात्र उठून उभे राहिले.

"ती हफ्रच्या हॉस्पिटलमधली सर्जन आहे," ते म्हणाले. "लढाईभर तिथेच होती."

अबू फहदनी मीटरवरची नजर काढली. त्यांच्या बायकोचं माहेर हफ्रचं, हे मला नंतर कळलं.

"तिथून सगळे निघाले तेव्हाही?"

"तेव्हाही."

त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. "यल्ला. लाव."

पुढचा नंबर मादाम सोलांझ नावाच्या बाईंचा होता. विधवा, गायी पाळणाऱ्या. घर नव्हे, स्वतःच्याच घरातल्या खोल्या द्यायच्या. बंदरापासून बसच्या रस्त्यावर. दुपारची वेळ होती. नबीलनी फोन लावला, नाव सांगितलं आणि अदबीने सुरुवात केली की आपण सौदी अरेबियातून, रियाधहून बोलतो आहोत.

आणि ते थांबले.

"काय झालं? कट झाला का?" मी विचारलं.

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. रिसीव्हरमधून काहीच ऐकू येत नव्हतं. नबीलचा चेहरा बघता बघता उतरला. मग ते भराभर बोलायला लागले. नेहमी तोलून बोलणारे नबील, शब्दावर शब्द टाकत होते. पलीकडून आधी आवाज आला तो रडण्याचा. मग ओरडण्याचा. तो मलाही ऐकू आला. नबील मान खाली घालून "वी मादाम, वी मादाम", म्हणजे हो बाई, हो बाई, म्हणत होते.

त्यांनी मला मागाहून सांगितलं. मादामचा एकुलता मुलगा फ्रेंच फौजेत होता. लढाई संपली तरी त्याची तुकडी अजून सौदीच्या वाळवंटातच होती. जमिनीत सुरुंग पेरलेले, रोज कुणीतरी जखमी होतंय असं बाईंनी रेडिओवर ऐकलेलं. आणि अचानक एक अनोळखी, गंभीर आवाजाचा माणूस म्हणतो, मादाम, मी रियाधहून बोलतोय. बाई खुर्चीवर बसल्या त्या बोलेनात.

"मी त्यांना सांगितलं," नबील म्हणाले, "मादाम, मी फक्त ट्रॅव्हल एजंट आहे. मला फक्त एक खोली हवी आहे. पाच वेळा सांगितलं."

"मग?"

"मग त्यांनी मला शिव्या दिल्या. लहानपणी आमच्या शाळेतल्या सिस्टर देत तशा. मग म्हणाल्या, खोली कोणाला हवी आहे?"

फोनवर नबीलनी सगळं सांगितलं होतं. हफ्रची डॉक्टर, जहाजावरचा नवरा, नाशिकची मुलगी. बाईंनी एकच प्रश्न विचारला, ही डॉक्टर जखमी सैनिकांनाही बघत होती का? तेव्हा नबीलनी रिसीव्हरवर हात ठेवून मला ते विचारलं होतं. मला ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं, की दारात येईल त्याला त्या बघत होत्या.

मादाम म्हणाल्या, कुठल्याही वारी या. स्वयंपाकघर एकच आहे, अर्धी शेगडी तिची. बस सकाळी फाटकासमोरून जाते. भाडं त्यांनी जे सांगितलं ते मी नबीलना दोनदा विचारून घ्यायला लावलं, कारण मला वाटलं ते एका रात्रीचंच असेल. ते आठवड्याचं होतं.

"दाखल्याचं काय?" फोन ठेवायच्या आधी मी नबीलच्या कानाशी लागलो.

गावचा मेयर मादामचा मावसभाऊ निघाला. दुसऱ्याच दिवशी शिक्का मारलेला कागद फॅक्सवर आला, मागाहून मूळ प्रतही आली. व्हिसाच्या काउंटरवरच्या माणसाने तो उलटसुलट करून बघितला आणि ठेवून घेतला. मुंबईचं काम नाशिकच्या आत्यांनी केलं. गौरी एकटी येणार म्हणून एअरलाइनला तसं कळवावं लागतं. मग गळ्यात पाकीट अडकवून, कर्मचाऱ्यांच्या ताब्यात मूल पाठवतात आणि पलीकडे सही घेऊनच सोडतात. सही करायला डॉक्टर तिच्या आधी पॅरिसला पोचतील अशा फ्लाइट मी जुळवल्या. ते मात्र माझं रोजचंच काम होतं.

ईदनंतर डॉक्टर परतल्या. हफ्रची बस सुटायला वेळ होता म्हणून ऑफिसात आल्या. चेहऱ्यावर ऊन नव्हतं, वारा होता. नबीलसाठी मादामने दिलेल्या लोण्याच्या बिस्किटांचा डबा होता आणि माझ्यासाठीही एक.

"कशी होती जागा?" मी विचारलं.

"खोलीत गोठ्याचा वास येतो," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी गौरी नाक धरून बसली. तिसऱ्या दिवशी गाईखाली. मादाम आणि ती, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. दिवसभर बोलत असायच्या."

"आणि साहेब?"

"सकाळच्या बसने जायचे, संध्याकाळी मासे घेऊन यायचे. मी वरण करायचे. मादामना ते सूप वाटलं. पावाबरोबर खायच्या."

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"शेवटच्या दिवसांत त्यांचा मुलगा आला. न कळवता. सामान खांद्यावर, दारात उभा. आम्ही त्याच्याच खोलीत राहत होतो, हुसैनभाई. मादामनी आम्हाला सांगितलंच नव्हतं. आम्ही सामान आवरायला लागलो तर त्यांनी दारच अडवलं. तो पोरगा माळ्यावर झोपला. म्हणाला, वाळूपेक्षा मऊ आहे."

रात्री जेवताना तो मोडक्या इंग्रजीत सांगायला लागला की त्यांची तुकडी हफ्रच्या रस्त्याने जात असे, तिथे पेट्रोल पंपाशेजारी एक पाकिस्तानी चहावाला होता. डॉक्टर म्हणाल्या, इलायची जास्त घालतो तो. त्या टेबलावर तो चहावाला माहीत असलेली माणसं दोनच, आणि दोघंही हसत सुटली. मादाम काही न समजता मुलाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. डॉक्टर सांगत होत्या आणि नबील पाठ फिरवून काचेवरची टेप नखाने खरवडत होते.

जहाज ठरल्या दिवशी दक्षिण अमेरिकेला निघालं. गौरी नाशिकला पोचली. डॉक्टर पुन्हा हफ्रला गेल्या आणि करार संपेपर्यंत तिथेच राहिल्या. माझा डेस्क अबू फहदनी बंद केला नाही. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या माणसांची आठवण आली की आजही मी मनातल्या मनात सलाम करतो. नबीलना, अबू फहदना, आणि कधीही न पाहिलेल्या एका गायीवाल्या बाईला.

पुढे मी पुष्कळांना खेड्यातल्या जागा शोधून दिल्या. नव्या मुलांना शिकवताना सांगायचो, फोटोवर जाऊ नका. शेगडी विचारा, हीटिंग कुणाच्या पैशाचं ते विचारा, बस विचारा, शनिवारची अट आहे का ते विचारा. आणि लढाईच्या मुलखातून फोन करत असाल, तर आधी सांगा की आपण ट्रॅव्हल एजंट आहोत. नमस्कार मागाहून केला तरी चालतो.