नरसिंगचं राहिलेलं सिटिंग

उत्तर सीमेवरच्या त्या पोस्टचं नाव मी सांगणार नाही. बर्फ आणि वारा, याशिवाय तिथे काही नव्हतं. मी हवालदार होतो, सेक्शन कमांडर. सेक्शनमध्ये परभणी जिल्ह्यातले आम्ही दोघंच. मी पाथरीचा आणि लान्स नायक नरसिंग पोखर्णीचा. गावच्या नृसिंहाला नवस बोलून झालेला, म्हणून नाव नरसिंग. त्याचं काय झालं आणि त्याच्यासाठी मी सूड कसा घेतला, ते लिहितोय. वाचून कुणाला मी डूख धरणारा वाटलो तर खुशाल वाटू दे.

पोस्टवरचं रूटीन सोपं असतं. बर्फ वितळवून पाणी करायचं, पहाऱ्याची संत्री ड्यूटी, हत्यार साफ, ठरल्या वेळी रेडिओवर रिपोर्ट. त्यात नरसिंगची एक जास्तीची ड्यूटी होती, माझी चेष्टा करणं. फार पूर्वी गाडीच्या अपघातात माझ्या खालच्या डाव्या बाजूचे दात गेले, तिथे कवळी आहे. झोपताना मी ती मग्यात काढून ठेवायचो. सकाळी नरसिंग तो मगा दोन्ही हातांत धरून सावधानमध्ये उभा राहायचा.

"हवालदार साब, दात ड्यूटीवर हजर हायत."

सगळा बंकर हसायचा. मी शिव्या द्यायचो आणि दात बसवायचो.

एका सकाळी मगा आला नाही. नरसिंग तोंडावर माकडटोपी ओढून पडला होता. मी टोपी वर केली. डावा गाल सुजला होता, हनुवटीखाली हात लावला तर लाकडासारखं टणक.

"कवापासून?"

"परवापासून, साब. दाढ हाय. बसंल आपोआप."

तोंड पुरतं उघडत नव्हतं. दातावर दात ठेवूनच त्यानं सांगितलं ते असं. सुट्टीवर गेला तेव्हा दाढ ठणकत होती. परभणीच्या एका डॉक्टरीणबाईंनी रूट कॅनाल सुरू केलं. पहिल्याच सिटिंगला दुखणं थांबलं. त्यांनी वर तात्पुरतं सिमेंट भरलं आणि पुढच्या आठवड्यात नक्की या म्हणून बजावलं.

"मग गेला का न्हाईस?"

"दुखायचंच बंद झालं, साब. माय म्हणली, आत कीड राहिली आसंल, मानवतच्या बाजारात कीडवाला बसतो त्याच्याकडून काढून घी. त्यानं सिमेंट तारेनं उकरलं, धुरी दिली. तीन किडे निघाले. ह्या डोळ्यानं बघितले."

पोस्टवर चढण्याआधी प्रत्येकाचं मेडिकल होतं. डॉक्टर विचारतात, कोई तकलीफ? जवान छाती काढून म्हणतो, नहीं साब. दाढेपायी अनफिट होऊन खाली राहिला, हे पलटणीत कुणाला ऐकून घ्यायचं नसतं. नरसिंगनंही तेच उत्तर दिलं होतं. आमच्या या 'नहीं साब'वर माझा आजही राग आहे.

दुपारपर्यंत त्याला थुंकी गिळता येईना. पोस्टवर औषधपाणी बघणाऱ्या नर्सिंग असिस्टंटनं इंजेक्शन दिलं आणि रेडिओ सेट उचलला.

"गले के नीचे सूजन है. साँस में आवाज है. डॉक्टर साब से बात कराओ, ओवर."

खालून डॉक्टर साहेब बोलले, "बैठाके रखो, लिटाना नहीं. दवाई चालू रखो. चॉपर माँगा है, ओवर."

"चॉपर कब आएगा? ओवर."

"मौसम बंद है. नीचे लेके चलो. आउट."

आम्ही आळीपाळीनं त्याला पाठीवर घेऊन उतरलो. माझी पाळी संपली तेव्हा त्याला एका खडकाला टेकवून बसवलं. त्यानं हात उचलला आणि माझ्या डाव्या गालावर बोट टेकवलं. दात हजर आहेत का, असं विचारत होता. मी म्हटलं, "हजर हायत." हेलिपॅड दिसायला लागलं तेव्हा त्याचा श्वास थांबला.

खाली डॉक्टर साहेबांना मी विचारलं, दाढेनं जवान मरतो? त्यांनी सांगितलं ते मी पाठ केलं आणि तुम्हीही करा. पहिल्या सिटिंगमध्ये सडलेली नस काढतात, म्हणून दुखणं थांबतं. पण दुखणं थांबलं म्हणजे इलाज संपला असं नाही. मुळाच्या नळ्या अजून पोकळ असतात. त्या साफ करून, भरून कायमच्या बंद करायच्या असतात. तोवर वरचं तात्पुरतं सिमेंट हेच त्या दाढेचं दार. ते दार त्या कीडवाल्यानं तारेनं फोडलं होतं. घाण आत गेली, मुळातून जबड्यात, जबड्यातून गळ्यात.

गोळी कुठून आली हे कळलं की फौजीला तिकडे तोंड करता येतं. माझी गोळी मानवतच्या बाजारातून आली होती. त्यानंतरच्या प्रत्येक संत्री ड्यूटीवर मी त्या न पाहिलेल्या माणसाचा गळा दाबला आहे. आई-बहिणीवरून ज्या शिव्या मला येतात त्या सगळ्या त्याला दिल्या आहेत. पेन्शन घेऊन घरी आलो, तो हे एकच काम डोक्यात धरून.

आधी पोखर्णीला गेलो, नरसिंगच्या आईला भेटायला. अंगणात बसली होती. गालाला फडकं बांधलेलं, डोळे लाल.

"माय, काय झालं?"

"दाढ, बाबा. जेवण जाईना. उद्या मानवतला जायलेय, किडे काढायला."

"परभणीला चल. मी नेतो तुला."

"त्या डॉक्टरणीकडं? तिनंच मशीन घालून माझं लेकरू खाल्लं. तिच्या दारात मी थुकायची न्हाई."

खरं काय ते माझ्या जिभेवर आलं होतं. पण कीडवाल्याकडे जा, हे तिनंच पोराला सांगितलं होतं. तिच्या तोंडावर ते बोलायची माझी छाती झाली नाही. नुसत्या सांगण्यानं ती ऐकणार नव्हती आणि त्या माणसानं तिच्या दाढेत तार घातली असती. म्हणून म्हटलं, "मी बी येतो संगं. माझी बी दाढ ठणकायलीय."

बाजारात तो छत्रीखाली बसला होता. समोर बरणीत पांढरे किडे, बाजूला निखाऱ्यांचं भांडं, एक नळी, कापूस. माणसं रांगेत. मी मायला मागे उभं केलं आणि आधी स्वतः बसलो.

"कुठली दाढ, साहेब?"

"डावीकडची, खालची. लय ठणकायलीय."

निखाऱ्यावर त्यानं रिंगणीच्या काटेरी झुडपाचं बी टाकलं. नळीनं धूर तोंडात सोडला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मग कापसाचा बोळा डाव्या बाजूला दाबून धरला, बाहेर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा उलगडला.

"बघा. तीन हायत. लय जुनी कीड व्हती."

"डावीकडचीच ना?"

"तिथलीच की. माझ्या हातानं काढलेत."

मी तोंडात बोटं घातली आणि कवळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"ही कवळी हाय. डावीकडं खाली माझा एक बी दात न्हाई. प्लास्टिकला कीड लागली का रं?"

कुणी हसलं नाही. मग रांगेतला एक जण ओरडला आणि लोक पुढे सरकले. मी कीडवाल्याची कॉलर धरली होती. वर्षानुवर्षं ज्या गळ्यासाठी हात शिवशिवत होते, तो हातात होता. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

तेवढ्यात माय पुढे आली. तिनं माझा हात बाजूला केला.

"माझा नरसिंग आला व्हता तुझ्याकडं. फौजेतला. डावीच दाढ. त्याच्यातून बी तीनच काढलेस ना रं?"

तो म्हणाला, "माय, किती तरी लोक येतात. मला न्हाई ध्यानात."

तिनं बरणी उचलून दगडावर आपटली. मग तिथेच खाली बसली. "मीच धाडला व्हता," एवढंच म्हणाली. मी खाली पडलेली कवळी उचलली, पुसून खिशात घातली.

त्या माणसाला मी मारलं नाही. पोलीस आले, त्याला घेऊन गेले, काही दिवसांनी तो सुटला आणि परत बाजारात आला. तेव्हापासून मी त्याच्या समोरच चटई टाकून बसतो. दर बाजाराला, कवळी हातात घेऊन. त्याच्याकडे वळणाऱ्या प्रत्येकाला हाक मारतो. रूट कॅनाल करताना भूल देतात, भ्यायचं कारण नाही. नंतर दोन-चार दिवस चावताना दुखेल, ते चालतं. साखरेचा आजार असेल, कसली गोळी चालू असेल तर डॉक्टरला आधी सांगा. तात्पुरतं सिमेंट निघालं तर लगेच जा. दाढेवर कायमची कॅप बसेपर्यंत त्या बाजूनं कडक काही चावू नका. आणि सूज गळ्याकडे उतरली, ताप आला, तोंड उघडेना की घटकाभर थांबू नका, थेट मोठा दवाखाना गाठा. कीडवाला समोर छत्रीखाली माशा मारत बसतो. त्याची दया येत नाही. येणारही नाही.

माय परभणीला त्याच डॉक्टरीणबाईंकडे आली. दारात क्षणभर थबकली, पण थुंकली नाही. पहिल्या सिटिंगला तिची दाढ दुखायची थांबली. दुसऱ्या खेपेच्या दिवशी मी तिला आणायला पोखर्णीला गेलो, तर घराला कुलूप. परभणीला आलो, तर ती आधीच एस.टी.नं दवाखान्यात येऊन बसली होती. ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, आता दुखतं का?"

"न्हाई."

"तरी आलात, बरं केलंत. लोक येत नाहीत."

"ही खेप माझी न्हाई, बाई," माय म्हणाली. "माझ्या नरसिंगची राहिली व्हती."

आणि तिनं तोंड उघडलं.