दत्तानं विचारलं होतं

८ जानेवारी. नसबंदी शिबिराची यादी स्वच्छ अक्षरात उतरवायला बसले. गावची आशाताई मी, त्यामुळे हे काम माझंच. सगळी नावं बायकांची. शेवटचं सुनंदाचं आलं आणि हात थांबला.

परवा तिचा नवरा दत्ता माझ्या दाराशी आला होता. टोपी हातात उलटसुलट करत म्हणाला, "ताई, हिची दोन्ही बाळंतपणं पोट फाडून झालीत. आता परत नको. माझंच ऑपरेशन होईल का?"

"काय रे, घरात बायकोचं राज्य आलं वाटतं?" मी म्हणाले. ओट्यावरच्या बायका खदखदून हसल्या.

"सहज विचारलं," म्हणत तो गेला. संध्याकाळी त्याच्या आईनं सुनंदाचं नाव दिलं आणि मी ते निमूट लिहून घेतलं.

पुरुषांचं ऑपरेशन सोपं, टाकाही लागत नाही, हे दर बैठकीत मीच सांगते. पुरुष ऐकत नाहीत ही तक्रारही माझीच. एकानं ऐकलं, तर त्याला चारचौघींत बायल्या ठरवून मी मोकळी झाले. गाव सुधारत नाही म्हणताना त्यात मी स्वतःला कधी मोजलंच नव्हतं.

यादी तशीच ठेवून त्यांच्या घरी गेले. सगळ्यांसमोर म्हणाले, "दत्ता, परवा माझं चुकलं. तुझं नाव लिहू का?"

"त्याला ओझी उचलायची असतात," आई म्हणाली. सुनंदा नुकतीच पाण्याचे दोन हंडे उतरवत होती.

"माझं लिहा," दत्ता इतक्या हळू बोलला की मी पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा त्यानं आईकडे बघून सांगितलं.