परीक्षकासमोर बोलायचं नाही

आर्लिस हॉगेनला गप्प बसवणारा माणूस अॅग्नेस हार्बरमध्ये अजून जन्माला यायचा होता, आणि गंमत अशी की गावच्या कॅमेरा क्लबात सगळ्यांना गप्प बसवायचं काम तिच्याकडेच होतं.

गावातल्या दुकानात मांसाच्या काउंटरवर तिनं उभी हयात काढली. एखादं गिऱ्हाईक नाक मुरडून म्हणालं, "चरबी जरा जास्तच दिसतेय," की ही सुरी पुसत म्हणायची, "हे डुकराला सांगायला हवं होतं, आता उशीर झाला." तरी लोक तिच्याच रांगेत उभे राहायचे. वजनात ती कधी मारत नसे आणि शिळं कधी गळ्यात बांधत नसे. मिनेसोटाच्या या टोकाला, लेक सुपीरियरच्या काठावर, माणसं तशी भलतीच मऊ बोलणारी. कुणी जेवायला घातलं आणि घास घशाखाली उतरेना, तरी म्हणणार, "वेगळंच झालंय हं." वेगळं म्हणाले की समजायचं, पदार्थ फेकून द्यायच्या लायकीचा आहे. आर्लिसला ही भाषा कधी जमली नाही. जमवायचा तिनं प्रयत्नही केला नाही.

कॅमेरा तिला चर्चच्या सोडतीत लागला. तिचा डोळा खरं तर दुसऱ्या बक्षिसावर होता, बर्फ उडवायच्या यंत्रावर. ते तिच्या दिराला, डेलमरला लागलं. डेलमरला हवा होता कॅमेरा. अदलाबदल करावी असं दोघांच्याही मनात होतं, पण आधी विचारायला दोघंही तयार नव्हते. मग त्या हिवाळ्यात डेलमर चिडून दोन्ही घरांसमोरचा बर्फ उडवत राहिला आणि आर्लिस खिडकीतून त्याचे फोटो काढत राहिली. त्यातलाच एक घेऊन ती क्लबात गेली.

क्लब भरायचा लुथरन चर्चच्या तळघरात. पातळ कॉफी, कुणीतरी भाजून आणलेल्या लिंबाच्या वड्या आणि घडीच्या खुर्च्या. पहिल्याच दिवशी तिचा फोटो बघून अध्यक्ष वेंडेल स्ट्रॉमक्विस्ट म्हणाला, "वेगळाच आहे." आर्लिस घरी आली, दार आपटलं, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा गेली. मग जातच राहिली. नवरा ऑरव्हिल गेल्यावर तर ती एकही बैठक चुकवेना. डेलमरही मागोमाग आला, स्वतःच्या पैशानं घेतलेला कॅमेरा गळ्यात अडकवून.

वेंडेलनं जन्मभर विमा विकला होता. त्यामुळे नियमांवर त्याचा फार जीव. क्लबाच्या स्पर्धेला नियम होतेही बख्खळ. फोटोवर नाव नको. परीक्षक बाहेरगावचा हवा, म्हणजे त्याला इथलं कुणी ओळखू येणार नाही. दोन फोटो जोडून एक केलेला चालणार नाही. कुणी तसा केला तर फोटो बाद, आणि करणारा पुढचं वर्षभर स्पर्धेतून बाहेर. परीक्षक एकदा बोलला की निर्णय पक्का, क्लबालाही तो फिरवता येणार नाही. निवडलेले फोटो उन्हाळाभर लायब्ररीत लागणार, आणि दाराशी निकालाचा मोठा कागद, त्यावर बाद झालेल्यांची नावं आणि कारणंसुद्धा. हे शेवटचं वेंडेलचं डोकं. लोकांना लाज वाटली पाहिजे, असं तो म्हणायचा.

आणि यादीत चौथ्या नंबरवर घातलेला नियम आर्लिसचा. त्याचं कारण डेलमर. एका वर्षी परीक्षकानं त्याच्या घुबडाला "जरा पुसट" म्हटलं, तर हा उठून उभा राहिला आणि घुबड म्हणजे काय ते त्याला समजावत बसला. मग पुढच्या प्रत्येक फोटोवर याचं वेगळं मत. शेवटी तो परीक्षक बिचारा अर्धी स्पर्धा टाकून गाडीत जाऊन बसला. त्याच रात्री आर्लिसनं कागद मागवला आणि लिहिलं: परीक्षण चालू असताना खोलीतल्या कुणीही बोलू नये, हसू नये, सुस्कारा टाकू नये, खोकू नये, खरा खोकला सोडून. फोटो कुणाचा हे उघड झालं तर तो फोटो बाद. तो परीक्षकासमोर आलाच नव्हता असं समजावं.

विरोधात एकच हात वर झाला, डेलमरचा. तेव्हापासून स्पर्धेच्या दिवशी आर्लिस पुढच्या खुर्चीत कॉफीचा कप आणि चमचा घेऊन बसायची. कुणी चुळबुळ केली की चमचा कपावर वाजायचा. पुन्हा वाजला तर माणूस जिन्यानं वर. डेलमर त्या जिन्यानं इतक्यांदा वर गेला होता की वरच्या बाकावर त्याची जागा ठरून गेली होती.

एवढी वर्षं फोटो काढून आर्लिसला मिळालं काय, तर एकदा गंजलेल्या साखळीच्या फोटोला उत्तेजनार्थ फीत. तिला त्याचं फार दुःख नव्हतं असं ती सांगायची. खोटं सांगायची.

यंदाच्या वसंतात, किनाऱ्यालगतचा बर्फ नुकताच सुटला होता तेव्हा, ती एका सकाळी धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेली. पाणी हाडं फोडणारं गार, आणि जमिनीवरून मात्र उबदार वारा येत होता. लांबवर लोखंडाचं खनिज भरून निघालेलं जहाज होतं. आणि त्या जहाजाच्या डोक्यावर, हवेत, तेच जहाज उलटं. गावात याला 'जहाज टांगलंय' म्हणतात. वसंतात तशी हवा जमली की दिसतं. लोक रस्त्याकडेला गाडी थांबवतात, बघतात आणि कामाला जातात. पण त्या दिवशीसारखं तिनं कधी बघितलं नव्हतं. वरच्या जहाजाची खिडकी न् खिडकी मोजता येत होती. दोन्हींच्या मधे आभाळाची एक पिवळट फट होती. तिनं हातमोजे काढले, फोटो काढले, आणि ते उलटं जहाज विरघळून जाईपर्यंत हातमोजे घालायचं विसरली.

घरी येऊन तिनं एक फोटो मोठा छापून घेतला आणि स्वयंपाकघरात टेकवून ठेवला. बटाटे सोलताना बघायचा, भांडी पुसताना बघायचा. तिला तो मनापासून आवडला होता. आपण काढलेलं काहीतरी आपल्यालाच इतकं आवडावं, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. लायब्ररीत सगळ्या गावानं तो बघावा असं तिला वाटत होतं. कुणालाही दाखवता येत नव्हता, कारण नियम.

स्पर्धेला परीक्षक आले आयोवाहून, लिंडेल प्रेदर नावाचे. सभ्य गृहस्थ, कोट घातलेले, बोलणं मुद्देसूद. आयोवात चहूकडे मका. एवढं मोठं पाणी त्यांनी त्याच दुपारी गाडीतून येताना पहिल्यांदा बघितलं होतं. तळघर गच्च भरलं होतं. एकेक फोटो समोरच्या उभ्या पाटावर ठेवला जात होता, प्रेदर दोन शब्द बोलत होते, वेंडेल निकाल लिहीत होता. आर्लिस पुढे बसली होती, हातात चमचा.

मग तिचं जहाज आलं. खोलीत श्वास घेतल्याचा आवाज झाला आणि तिनं चमचासुद्धा वाजवला नाही.

प्रेदर जवळ गेले. मागे आले. चष्मा काढून पुन्हा जवळ गेले.

"हात कसबी आहे," ते म्हणाले. "जोड कुठे आहे ते मलाही सापडत नाही. पण जहाज हवेत उलटं तरंगत नसतं हो. ज्यानं कुणी केलंय त्यानं मेहनत केलीय, पण हे दोन फोटो एकाला एक चिकटवलेले आहेत. मला वाईट वाटतं, पण बनावट म्हणून बाद."

वेंडेलचं पेन कागदाकडे गेलं.

आणि खोलीतलं एकही माणूस बोललं नाही! टांगलेलं जहाज त्यातल्या प्रत्येकानं बघितलं होतं. मागे बसलेली ग्रेटा लिंडाल तर जन्मली तीच धक्क्यासमोरच्या घरात. वेंडेलनं स्वतः गेल्या वर्षी गाडी थांबवून बघितलं होतं, आणि हे त्यानंच आर्लिसला सांगितलं होतं. पण सगळ्यांनी कॉफीत डोळे घातले होते. पाहुण्याला चूक म्हणायचं कसं, आणि वर नियम. एवढा सरळ नियम हाताशी असल्यावर गप्प राहायला कुणाला जड जातं?

आर्लिसच्या कानांत रक्त चढलं. बनावट. उन्हाळाभर लायब्ररीच्या दाराशी, तिच्या नावापुढे. जिनं कधी तराजूवर बोट ठेवलं नाही, तिच्या नावापुढे.

तेवढ्यात मागून खुर्ची करकरली. "अहो साहेब, एक मिनिट—" डेलमरचा आवाज.

आणि आर्लिसच्या हातानं सवयीनं चमचा वाजवला.

वाजल्यावर तिला कळलं की आपण काय केलं. सगळी खोली तिच्याकडे बघत होती. डेलमर तोंड उघडं ठेवून उभा होता. तिनं चमचा खाली ठेवला, कप बाजूला सरकवला आणि उठून उभी राहिली.

"तो फोटो माझा आहे," ती म्हणाली.

"आर्लिस!" वेंडेल कुजबुजला. "खाली बस. नंतर बघू आपण."

"नंतर काय बघतोस, वेंडेल? निर्णय पक्का, नंतर फिरत नाही, तूच लिहिलंयस. साहेब, मी काही चिकटवलेलं नाही. मला फाटका कागदसुद्धा नीट चिकटवता येत नाही. गार पाण्यावर गरम हवा बसली की आमच्याकडे असंच दिसतं. तुम्हाला ठाऊक नाही, तुमचा दोष नाही. तुम्ही मक्याकडचे. पण हे बाकीचे सगळे इथलेच आहेत ना? ग्रेटा, तू बघितलंयस की नाही?"

ग्रेटानं कॉफीतूनच होकारार्थी मान हलवली.

"वेंडेल, तू?"

"बघितलंय," वेंडेल म्हणाला. "पण नियम—"

"मग तोंडाला काय झालं होतं सगळ्यांच्या? एका बाईला चोर ठरवत होते तुमच्यासमोर, आणि तुम्ही लिंबाच्या वड्या चघळत होतात!"

"मी बोलत होतो," डेलमर मागून म्हणाला. "तूच चमचा वाजवलास."

कुणीतरी हसलं. आर्लिस डेलमरकडे वळली.

"हो, वाजवला. तो नियमही माझाच आणि गाढवपणाही माझाच. त्याबद्दल तू मला रविवारी जेवताना काय बोलायचंय ते बोल, मी ऐकून घेईन."

"लिहून ठेवतो," डेलमर म्हणाला आणि खाली बसला.

प्रेदर लाल झाले होते. खरोखर चांगला माणूस होता. "बाई, मी शब्द मागे घेतो," ते म्हणाले. "अध्यक्षसाहेब, या बाई बोलल्याच नाहीत असं धरू. मी नव्यानं बघतो. खरं सांगू का, जर हे खरं असेल, तर आज रात्रीचा हा सगळ्यात चांगला फोटो आहे."

खोलीत हालचाल झाली. "हो हो," "तसंच करू," "एकदा काय होतंय," असे आवाज आले. मघाशी मुके झालेल्यांना आता कंठ फुटला होता. वेंडेलसुद्धा पेन खाली ठेवून म्हणाला, "सगळ्यांची हरकत नसेल तर..."

आर्लिसनं पाटाकडे बघितलं. जहाज तिथे होतं, त्याच्यावर उलटं जहाज, मधे ती फट. नुसती हो म्हणून मान हलवायची होती. तिला तो फोटो लायब्ररीत हवा होता, फार हवा होता, आणि हे तिच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसत होतं.

"नको," ती म्हणाली.

"अगं बाई, घे ना!" डेलमर ओरडला.

"नको म्हणते ना. डेलमरला मी जिन्यानं वर पाठवत होते तेव्हा कुणी म्हणालं, एकदा काय होतंय? माझ्यासाठी म्हणून वाकवायचा असेल तर तो नियम नाही, तो मेहरबानीचा तुकडा. तो मला नको. वेंडेल, चौथा नियम वाच. मोठ्यानं वाच."

वेंडेलनं चष्मा लावला. "फोटो कुणाचा हे उघड झालं तर तो फोटो बाद. तो परीक्षकासमोर आलाच नव्हता असं समजावं."

"आलाच नव्हता. मग जो आलाच नाही त्याला बनावट कोण म्हणालं? कुणीच नाही. साहेब काही बोललेच नाहीत. खोड ते."

वेंडेलनं कागदाकडे बघितलं, मग प्रेदरांकडे, मग पुन्हा कागदाकडे. विमा विकणाऱ्या माणसाला कलम समजतं. त्यानं पेन उचललं आणि 'बनावट' या शब्दावर एक रेघ मारली. मग आणखी एक मारली.

आर्लिस पाटापाशी गेली. तिनं स्वतःच्या हातानं फोटो उतरवला आणि काखेत धरला. एकदा पाटावर ठेवलेला फोटो पुन्हा कधीच स्पर्धेत देता येत नाही, हाही नियमच. म्हणजे तो आता घरीच जाणार होता, स्वयंपाकघरात, बटाट्यांपाशी. तिचे डोळे भरून आले आणि ते लपवायची तिनं तसदी घेतली नाही.

"पण आर्लिस," वेंडेल हळूच म्हणाला, "बाद तर आहेच. कारण काहीतरी लिहावं लागेल. उन्हाळाभर दाराशी राहणार तो कागद."

"ठाऊक आहे. लिही, आर्लिस हॉगेन, परीक्षकासमोर बोलली." ती त्याच्या खांद्यावरून कागदात वाकली. "एवढं बारीक नको रे. रस्त्यावरून वाचता आलं पाहिजे."