ओळीतला एकच ट्रक

दोन हजार पंचवीस साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा, आणि माझे दोस्त भाऊसाहेब माझ्याहून दोनेक वर्षांनी धाकटे. त्या दिवशी दुपारी मी ओट्यावर बसून मोबाईलमध्ये बोलत होतो. माझी शाळा चौथीत सुटली, लिहायला वेळ लागतो, म्हणून आमच्या ग्रुपवर मी बटण दाबून धरतो आणि बोलून पाठवतो. (हे मात्र हातानं लिहितोय. लागू दे वेळ.) ग्रुप संग्राहकांचा आहे. दुमडली की गाडी होते आणि उलगडली की माणसासारखा रोबो उभा राहतो, अशी खेळणी जमवणाऱ्यांचा. म्हातारा माणूस आणि खेळणी म्हणून कुणाला हसू येत असेल तर खुशाल हसा, मी आयुष्यभर ट्रक चालवलाय, मागच्यांच्या हॉर्नला कधी भ्यालो नाही. तर आदल्या दिवशी भाऊसाहेबांनी ग्रुपवर या खेळण्यांच्या एका नव्या मालिकेतल्या रोबोबद्दल मत टाकलं होतं. गाडी जरा बेडौल आहे खरी, पण उभा राहिल्यावर काय देखणा दिसतो, असं. मी त्याला उत्तर देत होतो. "भाऊसाहेब, ज्याचं चाक फिरत न्हाई त्याला देखना म्हनायला तुमालाच जमतं..." एवढं बोललो आणि मध्येच फोन वाजला. भाऊसाहेबांची मुलगी, मुक्ता. "काका, बाबा गेले... सकाळीच." माझं बोलणं अर्धंच राहिलं, ग्रुपवर गेलंच नाही. म्हणजे मी त्यांच्याशी भांडत होतो तेव्हा ते नव्हतेच.

आमची ओळख एका चुकलेल्या पार्सलामुळं झाली. आमचं कर्जत नगर जिल्ह्यातलं, आता अहिल्यानगर म्हणायचं. पण रायगडातही एक कर्जत आहे, आणि इकडची पार्सलं तिकडं जाऊन बसतात हे इथल्या पोराटोरालाही ठाऊक आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी मी कांदा घेऊन पनवेलला निघालो होतो, तेव्हा कुरिअरवाला म्हणाला, "तात्या, येताना त्या कर्जतातनं एक खोकं आना की. तहसीलमधनं रिटायर झालेले कुलकर्णी भाऊसाहेब रोज येऊन डोकं खात्यात." वाट वाकडी करून मी ते आणलं. एवढ्या तगाद्याचं म्हणजे औषध असेल, नाहीतर मशीनचा पार्ट, असं मला वाटलं. बसस्टँडमागच्या त्यांच्या घरी गेलो, खोकं उंबऱ्यावर ठेवलं आणि वळलो. आम्ही बौद्ध, माझ्या वडिलांचं सांगणं होतं की कुणाच्या दारात रेंगाळायचं नाही, आत बोलावलं तर ताठ मानेनं जायचं, नाहीतर वाटेला लागायचं. मागून आवाज आला, "अहो, निघालात कुठे? आत या. हे उघडताना बघायला कुणीतरी पाहिजे ना!" बायको मागंच वारलेली, मुलगी पुण्याला, घरात एकटा माणूस. त्यांनी सुरीनं चिकटपट्टी कापली आणि आतून निघाला एक लाल ट्रक. पुढं लांब नाक असलेला, जुन्या घाटणीचा. अगदी मी पहिल्यांदा ज्याच्यावर किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून चढलो तसला.

"ह्याच्यासाठी मी घाट चढून आलो व्हय? खेळन्यासाठी?"

"थांबा जरा," म्हणाले, आणि त्यांची बोटं चालायला लागली. कारकुनाची बोटं, बारीक. नाक दुभंगून छाती झाली, मागचा हौदा खाली येऊन पाय झाले, कुठूनतरी डोकं वर आलं आणि टेबलावर माणूस उभा. ते माझ्याकडं असे बघत होते की जणू त्यांनीच घडवलाय.

मी म्हणालो, "आता परत ट्रक करा."

"का?"

"ट्रक बरा हुता."

आमचा सगळा वाद त्या दिवशी त्या टेबलावर सुरू झाला आणि त्यांच्या मरणापर्यंत मिटला नाही. त्यांचं म्हणणं, गाडी हे त्या रोबोचं सोंग आहे, उभा राहिल्यावरच तो खरा. माझं म्हणणं, गाडी खरी, माणूस होणं हेच सोंग. ते म्हणायचे, तुम्ही ड्रायव्हर म्हणून तुम्हाला असं वाटतं. मी म्हणायचो, तुमी साहेबापुढं जन्मभर उभं ऱ्हायलात, म्हनून तुमाला उभं ऱ्हानारं आवडतं. यावर ते चिडायचे नाहीत, चहा टाकायचे.

त्यांच्याकडं बघून मीही घेऊ लागलो. माझी अक्कल माझ्यापुरती, पण मतं पक्की. जुन्या मालिकांत लोखंड असायचं, हातात धरलं की वजन कळायचं, पण सांधे असे ताठ की हात फक्त वरखाली होणार. मधल्या काळातल्या सिनेमावरून काढलेल्या मालिका म्हणजे भंगारवाल्याचा हातगाडा उलटा केल्यासारख्या, कुठला पत्रा कुणाचा कळत नाही. हल्लीच्या महागड्या मालिकांत एवढ्या घड्या की गाडी करताना घाम फुटतो, आणि शेवटी एक पत्रा बसतच नाही. भाऊसाहेबांना त्याच आवडायच्या. "कोडं आहे हो ते, साळवे. घाई कशाला?" आणि मालिकेबाबत त्यांचा एक नियम होता, तो मोडलेला त्यांना खपायचा नाही. मालिका म्हणजे ओळ, आणि ओळ तोडायची नाही. त्यातला एक जरी गेला तरी उरलेली नुसती खेळणी. नक्कल तर त्यांना चालायचीच नाही. मी एकदा शनी शिंगणापूरला गेलो होतो, तिथल्या दुकानातून एक पिवळा डंपर आणला, रोबो होणारा, कंपनीचं नाव नसलेला. भाऊसाहेबांनी उलटापालटा करून बघितला आणि नाक मुरडलं. "साळवे, ही चोरी आहे. दुसऱ्याचा साचा चोरून केलंय हे."

"शिंगणापुरातनं घेतलाय, भाऊसाहेब. तितं चोरी व्हत न्हाई."

इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. मग त्याच नकलेचा गुडघा ढिला आहे, उभा केला की बसतो, हे त्यांनाच बघवेना. पुढच्या खेपेला खिशातून मुक्ताची नखं रंगवायची बाटली काढली, गुलाबी, आणि सांध्यात दोन थेंब सोडले. वाळलं की सांधा घट्ट बसतो म्हणे. "नक्कल असली तरी गुडघे टेकून राहू नये माणसानं," म्हणाले.

आमचा एक खेळ होता, तो कधी ठरवून सुरू झाला नाही. त्यांच्या कपाटात सगळे उभे, माझ्या कपाटात सगळ्या गाड्या. मी त्यांच्याकडं गेलो की निघता निघता त्यांच्या ओळीतला एक दुमडून गाडी करून यायचो. ते माझ्याकडं आले की माझी एक गाडी उभी करून जायचे. मी चप्पल घालेपर्यंत त्यांनी आपला परत उभा केलेला असायचा, आणि ते कोपऱ्यावर वळायच्या आत मी माझा परत मोडून गाडी केलेला. शांता, माझी बायको, म्हणायची, "दोघांचं केस पांढरं झालं, पन खोड जाईना." कुणी कुणाला एक रात्रसुद्धा जिंकू दिलं नाही.

शेवटचा गेलो तेव्हा त्यांनी दिलेल्या चहाची बशी भरलेली होती, कपात अर्धाच उरला होता. त्यांनी कप खाली ठेवला आणि हात मांडीखाली घातला. मी बघितलं, त्यांनीही बघितलं मी बघितलेलं. दोघंही त्या वर्षीच्या नव्या मालिकेबद्दल जोरजोरात बोलत राहिलो. निघताना मी तोच पहिला लाल ट्रक उचलला आणि त्यांच्यादेखत दुमडून ओळीत ठेवला. ते उठले नाहीत. "जा तुम्ही, ऊन होईल. मी करतो सावकाश." मी चप्पल घातली, मुद्दाम वेळ लावून घातली... आतून काही आवाज आला नाही. त्यानंतर माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, धुळीत जायला बंदी झाली. फोनवर ते म्हणायचे, मी बरा आहे. मीही म्हणायचो, मी बरा हाय.

ते गेल्यावर काही दिवसांनी मुक्तानं बोलावलं. घर रिकामं करायचं होतं. सगळी मालिका ती पुण्याच्या मंदारला देणार होती. मंदार आमच्या ग्रुपवरचाच, चाळिशीचा, कामाचा माणूस. ओळ तोडणार नाही, असा त्यानं शब्द दिला होता. मी आत गेलो आणि कपाटापुढं उभा राहिलो. सगळे उभे होते, हात खाली, नजर समोर, कवायतीला थांबल्यासारखे. आणि मधोमध लाल ट्रक. मी ठेवला तिथंच, मी ठेवला तसाच.

मंदारनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, जिंकलात! शेवटी भाऊसाहेबांनी मान्य केलं." तोवर त्यानं फोटो काढून ग्रुपवर टाकलासुद्धा. नांदेडपासून कोल्हापूरपर्यंतचे लोक लिहायला लागले, काकांचा विजय, भाऊसाहेब मोठ्या मनाचे. जिंकलो की नाही ते त्यांनी सांगायचं होतं, बाकी कुणी नाही. आणि इतकी वर्षं ज्या माणसानं एक रात्र हार घेतली नाही, तो आता सगळ्यांपुढं हरलेला, उत्तर द्यायला नाही...

मी मुक्ताला बाजूला घेतलं. "पोरी, त्यांचं हात चालत न्हवतं का?"

"शेवटी शेवटी अजिबात नाही, काका. ग्रुपवरचं ते शेवटचं मतसुद्धा त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. हा कोपऱ्यातला नवा आहे ना, तो पार्सल आल्यावर मी उभा केला, ते पलंगावरून सांगत होते. डावा हात आधी, मग पाठ. दोन तास चाललं होतं आमचं."

"आन् ह्यो ट्रक?"

"मी विचारलं ना. म्हटलं, बाबा, हा एकच राहिलाय, हा पण करू का उभा? तर म्हणाले, राहू दे."

"आनिक काय?"

"काही नाही. राहू दे, एवढंच."

मी तिथल्या खुर्चीवर बसलो. मत बदललं म्हणावं, तर मरणाच्या आदल्या दिवशीसुद्धा ते उभ्या रोबोचीच बाजू घेत होते. हात चालत नव्हते म्हणावं, तर मुलगी समोर होती, सांगायचाच अवकाश. मग का ठेवला? मंदार खोकी मांडत होता. म्हणाला, "काका, बाकी सगळे उभे आहेत, तर ह्यालाही उभा करून पॅक करू? ओळ एकसारखी दिसेल." आणि ट्रक त्यानं माझ्याच हातात दिला. उभा केला असता तर भाऊसाहेबांची बाजू राहिली असती. पुण्याच्या कपाटात कुणी म्हटलं नसतं की हा माणूस हरला. पण त्यांनी ठेवलेलं मोडायला माझाच हात लागला असता. मी ट्रक फिरवून बघितला. लांब नाक, फिरणारी चाकं. माझं बोट सवयीनं हौद्याच्या कडेला गेलं आणि तिथंच थांबलं.

"न्हाई," मी म्हणालो. "गाडीच ऱ्हाऊ दे. पुन्यातबी गाडीच ठिवायची. ह्याला हात लावायचा न्हाई."

"काका, तुम्ही लई पक्के," मंदार हसला. त्याला वाटलं, मी माझा विजय जपतोय. मुक्ता म्हणाली, "काका, आठवण म्हणून एक घ्या ना तुम्ही. कुठलाही." ट्रक माझ्या हातातच होता. मागितला असता तर तिनं दिला असता, मंदारही नाही म्हणाला नसता. मी तो खोक्यात ठेवला. ओळ तुटली असती. भाऊसाहेबांचं एवढं एक मत मी त्यांच्या घरात, त्यांच्या माघारी, मान्य केलं. पण तोंडानं नाही.

घरी आलो. कपाट उघडून बघितलं. सगळ्या गाड्या. ते शेवटचे येऊन गेले तेव्हा त्यांनी डंपर उभा केला होता, आणि ते कोपऱ्यावर पोचायच्या आत मी तो मोडला होता, नेहमीसारखा. त्यांच्या हातचं माझ्या घरात काहीच उरलं नव्हतं... ग्रुपवर अजून अभिनंदनं येत होती. मोबाईल उशीखाली घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी डंपर काढला आणि ओट्यावर उजेडात बसलो. इतकी वर्षं मी फक्त मोडत आलो, उभा करायचं काम त्यांचं. माझा हात त्या बाजूला वळेना. आधी डोकं उलटं निघालं, मग एक पाय पाठीला आला. शांता दोनदा येऊन बघून गेली. डावा हात आधी, मग पाठ, हे मुक्ताचं बोलणं आठवलं, तसं केलं. हौदा खाली आला आणि पाय झाले. गुडघ्याच्या सांध्यात गुलाबी रंग दिसला. गाडी असताना तो आत झाकलेला असतो, मी विसरलोच होतो. ओट्यावर ठेवला. वाटलं बसेल, पण बसला नाही. गुडघा घट्ट होता.

कपाटात माझ्या गाड्यांच्या मधोमध तो ठेवला, काच लावली, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. बरोबर काही बोललो नाही. थोड्या वेळानं मंदारचं आलं, "काका, हे काय? तुमचंही मत बदललं?"

माझं मत बदललेलं नाही. चाक फिरतं तीच खरी गाडी आणि तेच खरं खेळणं. पण मी बटण दाबून धरलं आणि म्हणालो, "राहू दे."