शेजारच्या खोलीतली झोप

भुलीतून जागा होताना मी इथल्या, तमिळ मुलखातल्या कोवलमच्या किनाऱ्यावर होतो. मच्छीमारांच्या होड्या वाळूवर नव्हत्या, माझ्या पोटात बांधून ठेवल्या होत्या, आणि समुद्र त्यांना आतून हळूहळू हलवत होता. मग कुणीतरी तमिळमध्ये म्हणालं, "सार, यूरिन वरुदु." लघवी होतेय. ती नर्स होती. कित्येक महिन्यांनी माझं शरीर आपणहून पाणी सोडत होतं. पलंगाला लटकवलेली पिशवी भरताना मी बघत राहिलो. मूत्रपिंड माझ्या बायकोचं होतं.

इतक्या वर्षांनी, यंदा इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी हे सगळं लिहून काढलं. शेवटी घरी परतल्याचा प्रसंग घातला. बायकोने मला दारातच थांबवून माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पायांवर पाणी घातलं. ते लिहिताना माझे डोळे भरून आले होते.

दुपारी ती शेवग्याची पानं निवडत बसली होती. मी तिला लेख वाचून दाखवला.

"छान आहे," ती म्हणाली. "पोटात होड्या म्हणे! तरीच इतकं जड लागायचं तुम्हाला उठवताना."

"आणि शेवट?"

तिने एक देठ मोडला. "तुमच्या आधी मी घरी आले होते ना हो. माझा भाऊ तुमच्यापाशी दवाखान्यात, म्हणून एकटीच, रिक्षाने. पोटाला पट्टा, वाकता येईना. कुलूप काढलं, चपला पायानेच ढकलल्या. माझ्यावरून कोण ओवाळणार होतं?"

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तोंडाला मास्क होता ना माझ्या, तुम्हाला जंतू लागू नयेत म्हणून," असं म्हणून ती हसली.

तिने दिलेलं मूत्रपिंड मी इतकी वर्षं काचेच्या भांड्यासारखं जपलं. पण त्या सकाळी शेजारच्या ऑपरेशनच्या खोलीत तीही निजली होती, हे माझ्या लेखात कुठेच नव्हतं. मनातही नव्हतं, हे लिहिताना लाज वाटते.

"तुला पडलं होतं का काही स्वप्न?" मी विचारलं. पहिल्यांदाच.

तिचे हात थांबले. मग तिने सांगितलं, तुटक तुटक, मधेच खिडकीबाहेर बघत. खालच्या रस्त्यावरच्या बसचे हॉर्न कुठेतरी लांब गेले. खोलीतला उजेड पाण्याखाली असावा तसा झाला. मी त्या स्वप्नात स्वतःला शोधत होतो. मी नव्हतो. ती मात्र तिथे इतकी सुखात होती की तिला तिथून परत का यावंसं वाटलं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

"लिहू का हे?"

"अजिबात नाही. तुमचं स्वप्न छापा. हे माझं आहे. सगळंच कसं देऊ हो तुम्हाला?"

मी लेखाचा शेवट खोडला. ती एकटी घरी आली आणि तिने कुलूप काढलं, एवढंच तिथे लिहिलं. चालेल का, म्हणून कागद तिच्यापुढे धरला.

"हे चालेल," वाचून ती म्हणाली. "पण रिक्षावाल्याने माझी पिशवी वर दारापर्यंत आणून दिली होती. तेही लिहा."