साडूंचे उंदीर

माझ्या साडूंइतका आकड्यांवर प्रेम करणारा आणि आकड्यांवर अजिबात विश्वास न ठेवणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात सापडायचा नाही. संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले, मंगळवार पेठेत राहतात. लग्नात एखादी मावशी नवऱ्या मुलाचं चारदा कौतुक करायला लागली की म्हणतात, "मावशी, हे एकच मत झालं." तांबडा रस्सा ओरपण्याआधी आणि ओरपल्यावर स्वतःचा रक्तदाब मोजतात. वाढलेला दिसला तरी, "एका माणसावरनं काय ठरतंय?" म्हणून आणखी एक वाटी मागवतात.

मी औषधशास्त्र शिकवतो. माझी गारगोटीची एक विद्यार्थिनी वेदनाशामक औषधाच्या लहान, मध्यम आणि मोठ्या डोसवर पीएचडी करत होती. प्रबंध द्यायच्या आधी साडूंनी एकदा नजर टाकावी म्हणून तिला घेऊन गेलो.

"पोरी, एका गटात उंदीर किती?"

"सहा, सर."

"मग गणितात हे चोवीस कुठनं आले?"

"प्रत्येकाचं चार वेळा मोजलंय की."

"एकच पावणा चार वेळा जेवला, तर चार पावणं आलं म्हणायचं व्हय?"

त्यांनी गणित नव्यानं मांडलं. मोठ्या डोसचा गुण टिकला; जिच्यावर तिचा सगळा प्रबंध उभा होता ती लहान डोसची किमया विरून गेली. पोरगी तिथंच रडायला लागली. साडू चष्मा पुसत म्हणाले, "खोट्या डोसवर दुखणाऱ्या माणसानं रात्र काढायची का?"

चार दिवसांनी तिचे वडील तिला घेऊन तणतणत साडूंच्या घरी आले. "पावणं, गावात पेढं वाटून झाल्यात! आता पोरगी म्हणती, अजून ऱ्हायलंय!"

साडूंनी त्यांना बसवलं. "नवीन पेंड एकाच म्हशीला घातली, तिचं दूध रोज मोजलं. तेवढ्यावर सगळ्या गोठ्याला घालशीला?"

"छ्या! म्हस म्हशीसारखी नसती."

"उंदराचंबी तसंच हाय."

वडिलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग चहा पिऊन, लेकीला "कर सावकाश" म्हणून गेले.

ती दर शनिवारी साडूंकडं येऊ लागली. दोघं तावातावानं भांडायची. तिनं एकदा त्यांचीच चूक काढली, तेव्हा ते आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटले होते. शेवटी लहान डोस चालत नाही असं स्वच्छ लिहून तिनं प्रबंध दिला, पदवी मिळवली आणि नोकरीला हैदराबादला गेली.

त्यानंतरच्या शनिवारी साडू माझ्याकडं आले. चहा निवला तरी कपाला हात लावेनात.

"पोरगी हुशार होती," म्हणाले.

"होती कशाला? आहे की."

"आहे." ते उठून खिडकीशी गेले. "पण आता भांडायला कोण येणार?"